दोघांचा सौदा, तिसऱ्याचे दुखणे

बाजारात भाजीची जुडी विकत घेताना किंमत कशी ठरते, हे कोणाला शिकवावे लागत नाही. विकणारी समोर असते, घेणारा समोर असतो आणि जिच्याविषयी घासाघीस चालली आहे ती जुडीही दोघांच्या मध्ये असते. जुडी शिळी आहे, हे घेणाऱ्याला दिसते. त्याला आज भाजीची गरज आहे, हे विकणारीला कळते. न पटल्यास दोघांनाही पुढच्या टोपलीकडे वळण्याची मोकळीक असते. किंमत न्याय्य की अन्याय्य, याचा विचार ज्या तत्त्वचिंतकांनी केला, त्यांच्यातील बहुतेकांच्या मनासमोर असाच बाजार होता.

आजारपणाचा बाजार मात्र वेगळा आहे. मनाच्या आजाराचा त्याहूनही वेगळा. तेथे विम्याने प्रवेश केला की व्यवहारात दोघांच्या जागी तिघे येतात. आजारी माणूस हप्ता भरतो, उपचारक सेवा देतो आणि विमा कंपनी त्या सेवेचे पैसे चुकते करते. किंमत ठरते ती कंपनी आणि उपचारक यांच्यात. ज्याच्या दुखण्यासाठी हा सगळा खटाटोप, तो त्या खोलीत नसतो. दोघांनी राजीखुशीने ठरविलेली किंमत न्याय्य मानावी काय, हा जुना प्रश्न येथे नव्या रूपाने उभा राहतो. त्याचा विचार करताना प्रामुख्याने अमेरिकेकडे पाहावे लागेल. हा व्यवहार तेथे सर्वांत उघडपणे चालतो आणि त्याचा अभ्यासही तेथेच सर्वाधिक झालेला आहे. शिवाय मन आणि शरीर यांना विम्यात समान लेखावे, हे तत्त्व आता आपल्या कायद्यातही आले असल्याने, तेथे त्याचे काय झाले हे जाणणे आपल्यालाही अगत्याचे आहे.

अमेरिकेतील विमा कंपनी डॉक्टरांचे आणि रुग्णालयांचे एक जाळे उभारते. जाळ्यातील उपचारक कंपनीशी करार करून ठरावीक दर स्वीकारतो आणि मोबदल्यात कंपनी आपले विमाधारक त्याच्याकडे पाठविते. जाळ्याबाहेरच्या उपचारकाकडे जायचे तर खर्चाचा मोठा भाग, पुष्कळदा सर्वच भाग, रुग्णाच्या खिशातून जातो. आपल्याकडील वाचकांना याची अंधुक ओळख आहेच. जुलै २०१० मध्ये सार्वजनिक क्षेत्रातील चार विमा कंपन्यांनी दरांच्या वादातून मुंबईतील अनेक मोठ्या रुग्णालयांची कॅशलेस सुविधा थांबविली, तेव्हा कित्येक घरांना या वाटाघाटींचा चटका बसला होता.

परंतु वाटाघाट हा शब्द सर्वांच्या बाबतीत सारखा खरा नसतो. एखादे नामांकित रुग्णालय जाळ्यातून बाहेर पडले, तर मोठमोठे मालक आपल्या कामगारांचा विमा दुसरीकडे नेतील, ही धास्ती कंपनीला असते. म्हणून रुग्णालयाशी वकील आणि हिशेबनीस बसवून खरोखरची बोलणी होतात. एका खोलीत एकट्याने बसून मनोरुग्णांना भेटणाऱ्या मानसशास्त्रज्ञाला किंवा समुपदेशिकेला मात्र छापील दरपत्रक येते. पटले तर सही करा, न पटले तर राहू द्या, एवढीच त्यातील बोलणी. अशा शंभर जणांनी एकत्र येऊन दर वाढवून मागावा, तर १८९० चा शर्मन कायदा आडवा येतो. स्वतंत्र व्यावसायिकांनी संगनमताने किंमत ठरविणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. मक्तेदारीला आवर घालण्यासाठी झालेला कायदा येथे दुबळ्यांच्या एकीला अडवितो आणि समोरची कंपनी मात्र लक्षावधी विमाधारकांच्या वतीने एकमुखाने बोलते.

याखेरीज आणखी एक प्रथा गेल्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत तेथे रूढ झाली. विम्यातील मानसिक आजारांचा भाग अलग काढून तो दुसऱ्या एखाद्या खास कंपनीकडे सोपविला जाऊ लागला. पुष्कळदा दर माणशी दर महिन्याला एक ठरावीक रक्कम त्या कंपनीला मिळे. त्यातून जे खर्च होणार नाही ते तिचे. मग ताशी दर कमी ठेवणे आणि तासांची संख्याही कमी ठेवणे, या दोन्हींत तिचा लाभ होता, हे सांगण्यासाठी कोणी अर्थशास्त्री हवा असे नाही.

येथे ताशी दर हा शब्द जाणून वापरला आहे. मानसोपचारात विकले जाते काय? औषधाची गोळी विकली जाते, शस्त्रक्रियेतील कौशल्य विकले जाते. संवादातून चालणाऱ्या उपचारात विकला जातो तो वेळ. अमेरिकेतील देयकांच्या संकेतावलीत ९०८३४ हा क्रमांक पंचेचाळीस मिनिटांच्या सत्राचा आणि ९०८३७ हा साठ मिनिटांच्या सत्राचा. पहिल्यात ३८ ते ५२ मिनिटे मोडतात, दुसऱ्यासाठी किमान ५३ मिनिटे भरावी लागतात. एका मातेने आपल्या मुलाच्या आत्महत्येविषयी पहिला शब्द उच्चारायला चाळीस मिनिटे घेतली, तर पुढचा हिशेब घड्याळाकडे पाहून करायचा! विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली संगीत आणि नाट्यकलांविषयी जे दाखवून दिले, ते येथेही लागू पडते. यंत्रे सुधारली म्हणून चौघांनी वाजवायची संगीतरचना तिघांत किंवा निम्म्या वेळात वाजवून होत नाही. नवे उपकरण आले की शल्यविशारद दिवसाला अधिक शस्त्रक्रिया करू शकतो आणि दर थोडा उतरला तरी संख्येने त्याची भरपाई करतो. ऐकणाऱ्याला ही वाट नाही. त्याचा दर उतरला की त्याची मिळकतच उतरते.

परिणाम अपेक्षित तोच झाला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २००९-१० मध्ये अमेरिकेतील खाजगी विमा स्वीकारणारे मनोविकारतज्ज्ञ सुमारे ५५ टक्के होते. इतर शाखांच्या डॉक्टरांत हेच प्रमाण सुमारे ८९ टक्के होते. आरटीआय इंटरनॅशनल या संशोधन संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात २०२१ ची स्थिती दिली आहे. जाळ्यातील शरीरोपचारकांना भेटीमागे मिळणारा मोबदला मानसोपचारकांच्या मोबदल्यापेक्षा सरासरीने २२ टक्के अधिक होता आणि मानसोपचारासाठी जाळ्याबाहेर जाण्याचे प्रमाण इतर उपचारांच्या साडेतीन पट होते. मानसशास्त्रज्ञांच्या बाबतीत तर ते दहापटींहून अधिक होते. मे २०२३ मध्ये अमेरिकी सिनेटच्या वित्त समितीच्या कर्मचाऱ्यांनी वृद्धांच्या विमा योजनांच्या याद्यांतील १२० मानसोपचारकांना दूरध्वनी करून पाहिले. भेटीची वेळ मिळाली ती जेमतेम १८ टक्के वेळा. कुठे क्रमांक बंद, कुठे उत्तरच नाही, कुठे तो उपचारक त्या जाळ्यातच नाही. अशा याद्यांना तेथे भुतांचे जाळे म्हणतात.

या स्थितीची जबाबदारी कोणाची, असे विचारले तर कंपनी म्हणते, आम्ही करार देऊ केला होता, त्यांनी सही केली नाही. उपचारक म्हणतो, त्या दरात खोलीचे भाडेही सुटत नाही. दोघेही खरे बोलतात. दोघांपैकी कोणीही करार मोडलेला नाही, कोणी कोणाला फसविलेले नाही. तरीही हप्ता नियमितपणे भरणारा माणूस रात्री दोन वाजता छताकडे पाहत पडलेला असतो आणि त्याच्या हातातील यादीत एकही जिवंत नाव नसते.

विमा कंपन्यांची बाजू येथे प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. दर वाढविले की हप्ता वाढतो. हप्ता वाढला की सर्वांत आधी गळतो तो अल्प उत्पन्नाचा माणूस. शिवाय मानसोपचारांवर लक्ष ठेवले नाही तर काय होते, याचा कटू अनुभवही अमेरिकेने घेतलेला आहे. १९८० च्या दशकात तेथे खाजगी मनोरुग्णालये भराभर वाढली आणि त्यांतील काहींनी विम्याचे दिवस संपेपर्यंत रुग्णांना, विशेषतः किशोरवयीन मुलांना, विनाकारण अडकवून ठेवले. नॅशनल मेडिकल एंटरप्रायझेस या कंपनीला १९९४ साली अशा प्रकरणांच्या तडजोडीपोटी सुमारे ३७ कोटी ९० लाख डॉलर मोजावे लागले. तेव्हा पैसे देणाऱ्याने हिशेब मागणे हे पाप नव्हे. सर्वांच्या हप्त्यांतून जमलेला निधी म्हणजे एक प्रकारची ठेव, तिची राखण करणे हे कंपनीचे कर्तव्यच आहे.

पण राखण कोणासाठी करायची? ठेव ज्यांची आहे त्यांच्यातच तो रात्री जागा असलेला माणूस आहे. जो दर स्वीकारायला कोणी तयार नाही, तो दर काटकसरीचा नसतो. तो नकार असतो, केवळ आकड्यात लिहिलेला. पत्राद्वारे नकार दिला असता तर रुग्णाला त्याविरुद्ध दाद मागता आली असती. दरपत्रकातून दिलेल्या नकाराविरुद्ध कोणाकडे आणि कशाची दाद मागायची?

सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना न्याय्य किमतीचा विषय पुष्कळांना कंटाळवाणा वाटतो. धान्य, लोकर आणि घोडे यांच्या त्या चर्चा आजच्या जगात कोठे बसवायच्या, असे विद्यार्थी विचारतात. तथापि या प्रश्नात त्या फार जवळच्या वाटतात. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात सांगितले की वस्तूच्या योग्यतेहून फार अधिक किंवा फार कमी किमतीला ती विकणे वा घेणे हे मुळातच न्यायाला सोडून आहे. स्पेनमधील सालामांका येथील पंडितांनी सोळाव्या शतकात यात भर घातली, की न्याय्य किंमत म्हणजे समाजाच्या सर्वसाधारण अंदाजातून बाजारात उतरणारी किंमत. मात्र त्या बाजारात मक्तेदारी, कपट आणि बळजबरी नसावी. त्याच परंपरेतील येशूसंघीय कार्डिनल हुआन दे लुगो यांनी तर गणिती अचूकतेची न्याय्य किंमत एका परमेश्वरालाच ठाऊक, असे मिस्कीलपणे म्हणून ठेवले आहे. त्यामुळे पंचेचाळीस मिनिटांच्या श्रवणाचे अमुक इतकेच डॉलर न्याय्य, असे सांगण्याचे धाडस मी करणार नाही. पण एका बाजूस एक मोठी कंपनी आणि दुसऱ्या बाजूस सुटे सुटे उपचारक असताना जो आकडा निघतो, त्याला समाजाचा अंदाज म्हणता येत नाही, एवढे त्या पंडितांनीही ओळखले असते.

पोप लिओ तेरावे यांनी १८९१ च्या ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रकात मजुरीविषयी एक मूलभूत विचार मांडला. मालक आणि कामगार यांनी मोकळेपणाने वेतन ठरविले, एवढ्याने ते न्याय्य होत नाही. त्या दोघांच्या करारापूर्वीचे, त्याहून प्राचीन असे न्यायाचे एक मागणे असते आणि गरजेपोटी पत्करलेली अट ही बळजबरीच असते, असा त्याचा आशय. त्या परिपत्रकात करार करणारा कामगार स्वतःच अन्यायाचा भोक्ता आहे. आपल्या विषयात एक पाऊल पुढे जावे लागते, कारण येथे कराराची झळ मुख्यतः करारात नसलेल्याला बसते. जाळे सोडणारा उपचारक रोख पैसे देणाऱ्या श्रीमंतांवर आपला व्यवसाय चालवू शकतो. कंपनीचाही खर्च वाचतो. संमती अन्यायाचा दोष पुसून टाकते, असे रोमन कायद्याचे एक जुने सूत्र आहे. ते मान्य केले तरी दोघांच्या संमतीने तिसऱ्याचा दोष कसा पुसला जाईल?

या ठिकाणी एक भाविक आक्षेप वारंवार ऐकू येतो. दुःखी माणसाचे ऐकून घेणे ही करुणा आहे, तिचे पैसे कशाला? पापनिवेदनाच्या आसनात बसलेला धर्मगुरू कोणाकडून शुल्क घेत नाही, मग यांनी का घ्यावे? आक्षेप वाटतो त्याहून जुना आहे. ज्ञान हे देवाचे दान असल्यामुळे ते विकता येत नाही, असे मध्ययुगातील शास्त्री म्हणत, आणि मग शिक्षकांनी पोट कसे भरायचे हा पेच त्यांना पडे. शिक्षक ज्ञान विकत नाही, आपल्या श्रमाचा मोबदला घेतो, असे उत्तर पुढे निघाले. वकील आणि वैद्य यांनाही अक्वायनस यांनी तोच न्याय लावला. धर्मगुरूचा चरितार्थ धर्मग्राम चालवितो म्हणून त्याचे कान विनामूल्य असू शकतात. समुपदेशिकेच्या घराचे भाडे कोणी भरत नाही. जिचे काम दयेचे आहे, तिने दयेवरच जगावे, ही अपेक्षा मला दांभिक वाटते. परिचारिका आणि बालवाडीच्या शिक्षिका यांचे वेतनही पिढ्यान्‌पिढ्या याच सबबीखाली तुटपुंजे राहिलेले आहे.

शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोनीच्या दाखल्यावर असंख्य प्रवचने झाली असतील. त्यांत त्या सराईच्या मालकाचा उल्लेख क्वचितच येतो. खरे तर तेथेही तिघे आहेत : जखमी माणूस, त्याची शुश्रूषा करणारा सराईवाला आणि पैसे देणारा शोमरोनी. शोमरोनी दोन दीनार देतो. म्हणजे आधी एक ठरावीक रक्कम ठरते. पण तो तेथे थांबत नाही. अधिक खर्च झाला तर परतल्यावर तोही देण्याची हमी तो देतो. जखमी माणूस त्या बोलण्यात भाग घेण्याच्या स्थितीत नाही आणि नेमके म्हणूनच पैसे देणारा त्याच्या बाजूने बोलतो. सराईवाल्याला फुकट राबविले जात नाही, जखमीला दोन दीनार संपताच बाहेर काढले जात नाही. दाखल्यातून दरपत्रक निघत नाही, हे मान्य. परंतु गैरहजराच्या वतीने बोलणे म्हणजे काय, हे त्यातून निश्चित दिसते.

अमेरिकेच्या कायद्याने हे काम करण्याचा प्रयत्न केला, त्याची कथा थोडक्यात सांगतो. मनोरुग्णांना विम्यात समान वागणूक मिळावी म्हणून दोन सिनेटर झटले : न्यू मेक्सिकोचे रिपब्लिकन पीट डोमेनिची आणि मिनेसोटाचे डेमोक्रॅट पॉल वेलस्टोन. राजकारणात दोघे दोन टोकांना. पण डोमेनिचींच्या मुलीला स्किझोफ्रेनिया होता आणि वेलस्टोन यांचा थोरला भाऊ मनोविकाराने पीडित होता. १९९६ चा पहिला कायदा केवळ वार्षिक आणि आजीवन रकमेच्या मर्यादेपुरता होता. कंपन्यांनी रकमेची मर्यादा काढून भेटींच्या संख्येवर मर्यादा घातली! वेलस्टोन २००२ मध्ये विमान अपघातात वारले. २००८ साली झालेल्या व्यापक कायद्याला दोघांचीही नावे आहेत. खुद्द सरकारच्या मेडिकेअर योजनेतही तोवर शारीरिक उपचारासाठी रुग्णाला वीस टक्के वाटा भरावा लागे, तर मनाच्या बाह्यरुग्ण उपचारासाठी पन्नास टक्के. हा भेद पूर्णपणे मिटायला २०१४ साल उजाडले.

तथापि किमतीच्या बाबतीत या कायद्याचे हात बांधलेले राहिले. दर ठरविण्याची पद्धत दोहोंकडे सारखी असावी, असे नियम सांगतात. फळ विषम निघाले म्हणून तेवढ्याने कायद्याचा भंग सिद्ध होत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने नियम कडक करून प्रत्यक्ष फळाकडेही पाहण्याचे ठरविले. मे २०२५ मध्ये नव्या सरकारने त्या वाढीव नियमांची अंमलबजावणी करणार नसल्याचे जाहीर केले.

समान पद्धतीच्या या मोहाने आपल्यालाही गाठले आहे. भारताचा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ साली झाला आणि २०१८ मध्ये अमलात आला. त्याच्या कलम २१ मधील चौथ्या उपकलमानुसार प्रत्येक विमा कंपनीने मानसिक आजाराच्या उपचारासाठी शारीरिक आजाराच्याच धर्तीवर विम्याची तरतूद केली पाहिजे. नियामक प्राधिकरणाला ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा एकदा कंपन्यांना त्याची मुदत घालून आठवण करून द्यावी लागली. परंतु त्याच धर्तीवर म्हणजे कोणत्या? आपला आरोग्य विमा बव्हंशी रुग्णालयात दाखल होण्याशी जोडलेला आहे. हाड मोडलेला माणूस दाखल होतो. नैराश्याने ग्रासलेला माणूस बहुधा दाखल होत नाही. त्याला महिनोन्‌महिने, आठवड्यातून एकदा, कोणाशी तरी बोलायचे असते, गोळ्या घ्यायच्या असतात. हा खर्च बहुतेक साध्या विमापत्रांच्या बाहेरच राहतो. असमानांना समान मापाने मोजणे हाही अन्यायच, असे ॲरिस्टॉटलने सांगून ठेवले आहे. तेव्हा आपल्याकडे समुपदेशकांच्या दराविषयी भांडण नाही, कारण वाटाघाटीचे टेबलच अजून मांडलेले नाही. ते उद्या मांडले जाईल, आणि तेव्हा छापील दरपत्रके आपल्याही समुपदेशिकांच्या हाती पडतील.

दुसरा मार्ग असतो, हे जर्मनीत दिसले आहे. तेथे उपचारकांच्या प्रादेशिक संघटना आजारविमा निधींशी एकत्रितपणे दर ठरवितात आणि कायदाच तसे सांगतो. तरीही मानसोपचारकांच्या पदरी फार थोडे पडत असे, कारण संघटनेत इतर डॉक्टरांचेच प्राबल्य. १९९९ च्या ऑगस्टमध्ये संघीय सामाजिक न्यायालयाने यात हात घातला. मानसोपचारकाचे काम वेळेने बांधलेले आहे, संख्या वाढवून तो आपली मिळकत सावरू शकत नाही, म्हणून पूर्ण वेळ काम करणाऱ्या मानसोपचारकाला इतर डॉक्टरांशी तुलना होईल एवढे उत्पन्न मिळेल असा किमान दर त्याला दिलाच पाहिजे, असा त्या निकालाचा आशय होता. म्हणजे न्यायालयाने समान पद्धत पाहिली नाही, कामाचे स्वरूप पाहिले.

सालामांकाच्या पंडितांनी बाजारातील किमतीबरोबरच दुसऱ्या एका किमतीला मान्यता दिली होती : बाजार आपले काम करीत नसेल तेव्हा राजसत्तेने प्रजेच्या हितासाठी ठरवून दिलेली किंमत. अमेरिकेतील न्यू यॉर्क राज्याने १ जानेवारी २०२५ पासून असेच काहीसे केले आहे. राज्याचा परवाना असलेल्या बाह्यरुग्ण मानसोपचार केंद्रांना, ती जाळ्यात असतील तर, खाजगी विमा कंपन्यांनी गरिबांसाठीच्या मेडिकेड योजनेच्या दराहून कमी मोबदला देता कामा नये, असा तो नियम. गरिबांसाठीचा सरकारी दर हा खाजगी दराचा तळ ठरवावा लागला, यावरून तो खाजगी दर कोठवर उतरला होता याचा अंदाज करता येतो. एकट्याने खोली भाड्याने घेऊन बसणारी समुपदेशिका मात्र या नियमात येत नाही. तिच्या टपालात अजूनही छापील दरपत्रकच येते.